पीएसएचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्टवर ठळक अक्षरांत ६.८ छापलेलं असतं, शेजारी ‘० ते ४’, आणि त्या रात्री घरात कुणाला जेवण जात नाही. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारं प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम. ते निरोगी ग्रंथीतही बनतं आणि वयानुसार ग्रंथी वाढली की तेही वाढतं. आकडा वर गेला म्हणजे कॅन्सरच, असं धरून बसू नका.

जास्त घोळ होतो तो रक्त देण्याच्या वेळेचा. लघवीला जळजळ आणि ताप असताना, किंवा लघवी अडून नळी घातलेली असताना तपासणी केली, तर आकडा फुगलेलाच येतो. संसर्ग बरा झाल्यावर ६ ते ८ आठवडे थांबून पुन्हा रक्त द्या. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध आणि लांबची सायकल टाळा. हे बहुतेकदा कुणी विचारत नाही, आणि संकोचापायी आपणही बोलत नाही.

याच्या उलट चूक मला जास्त घातक वाटते. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी देतात ती फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी चालू असेल, तर ६ महिने ते वर्षभरात पीएसए जवळपास निम्म्यावर येतो. मग रिपोर्टवरचा ३ हा ६ धरावा लागतो. केस गळू नयेत म्हणून फिनास्टेराइड घेणाऱ्यांनीही ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि ४ च्या आत आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात, सात वर्षांत ज्यांचा पीएसए ४ च्या वर गेलाच नव्हता अशा २,९५० पुरुषांची बायोप्सी झाली; ४४९ जणांत कॅन्सर निघाला.

कॅन्सरसाठी ऑपरेशन करून ग्रंथी काढल्यावर तर ‘० ते ४’ ही मर्यादा वाचूच नका. तिथे ०.२ पर्यंत गेलेला आणि दुसऱ्या तपासणीतही टिकलेला आकडा रोग परतल्याची खूण मानतात. रेडिएशननंतर हिशोब वेगळा: ग्रंथी शरीरातच असते, आकडा सावकाश उतरतो, मध्येच थोडा चढून आपोआप खालीही येतो. गाठलेल्या सर्वांत कमी आकड्यावर २ ने वाढ झाली, तर रोग परतल्याचं धरतात.

दर वेळी लॅब बदलू नका. यंत्रं आणि पद्धती वेगळ्या असल्या की आकडे जुळत नाहीत. पीएसए किती महिन्यांत दुप्पट झाला, यावरून रोगाचा वेग कळतो. म्हणून सगळे जुने रिपोर्ट तारखेनुसार लावून युरॉलॉजिस्टकडे न्या, शेवटचा एकटाच नव्हे.