सेफ्टीच्या नोकरीतलं कुंपणाबाहेरचं काम

केमिकलची पदवी किंवा डिप्लोमा, त्यावर एडीआयएस हा औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा, आणि मग एखाद्या एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसरची पहिली नोकरी. या वाटेने येणारी मुलं मला नेहमी भेटतात. वर्क परमिट, आग विझवायचे हायड्रंट, पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचे एससीबीए सेट हे त्यांना चांगलं येतं. ऑफसाईट प्लॅनची, म्हणजे अपघात कुंपणाबाहेर पसरला तर काय करायचं त्या आराखड्याची, फाईल मात्र बऱ्याच ठिकाणी तपासणीच्या दिवशीच कपाटातून निघते. कोकणातल्या औद्योगिक पट्ट्यात हे काम करताना माझं मत पक्कं झालं आहे: आपल्या पेशातलं सगळ्यात मोलाचं काम शेजारच्या वाड्यांमध्ये आहे, आणि ते शिकायला सुरुवात पहिल्या महिन्यातच करावी.

कारण भोपाळने दाखवून दिलं आहे. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री तिथल्या कीटकनाशकाच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. वस्तीसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला होता, कारखान्यात काय साठवलंय हे लोकांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टरांनाही उपचार कशावर करायचे ते कळत नव्हतं. कितीतरी माणसं वायू ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने धावली. ओलं फडकं तोंडावर धरून वाऱ्याला आडवं निघायचं, एवढी गोष्ट आधी माहीत असती तरी अनेक जीव वाचले असते.

त्यानंतर नियम आले. 1989 चे घातक रसायनांचे नियम आणि 1996 चे रासायनिक अपघातांबाबतचे नियम हे दोन्ही मुळातून वाचा, कोचिंगच्या नोट्सवर राहू नका. ऑनसाईट प्लॅन, म्हणजे कुंपणाच्या आतल्या अपघातासाठीचा, कारखान्याने करायचा आणि त्याची मॉक ड्रिल दर सहा महिन्यांनी घ्यायची. ऑफसाईट प्लॅनची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी. आजूबाजूच्या लोकांना धोका काय आणि अशा वेळी काय करायचं, काय टाळायचं हे सांगणंही नियमातच आहे. स्थानिक आपत्ती गटाचे, म्हणजे एलसीजीचे, सदस्य कोण ते बघा. प्रांताधिकारी, कारखाना निरीक्षक, फायर ऑफिसर हे तर असतातच, पण सरपंच, गावातले डॉक्टर, समाजसेवक आणि स्थानिक वर्तमानपत्राचा संपादकही त्यात आहे. ज्याने ही यादी केली त्याला गावातली बातमी कशी फिरते हे नक्की ठाऊक होतं.

आता गावात शिरताना. आधी पोलीस पाटलांना भेटा, मग सरपंचांना, आणि आशाताईंना अजिबात विसरू नका. अंथरुणाला खिळलेलं माणूस कोणत्या घरात, दम्याचा त्रास कुणाला, बाळंतीण कुठे, ही माहिती आशाताईंकडे असते. तुमच्या नकाशावर नुसती घरांची चौकोनं असतात. त्यांच्यासोबत वाडीवाडीतून फिरा. कुठली पायवाट पावसात बंद होते, ओढ्यावरच्या साकवावरून गाडी जाते का, शाळेच्या वर्गांच्या खिडक्या बंद होतात का, हे स्वतः पाहा. शाळेत जमायची जागा ठरवताना वाऱ्याचा विचार हमखास राहून जातो. आपल्याकडे दिवसा खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री बहुधा जमिनीकडून. म्हणजे दुपारी जी जागा सुरक्षित, ती पहाटे धोक्यात असू शकते. जमण्याच्या जागा दोन तरी ठेवा आणि वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी विंडसॉक गावातून दिसेल असा लावून घ्या.

लोक पहिला प्रश्न विचारतील तो प्लॅनचा नसतो. "साहेब, रात्री वास येतो तो कसला?" किंवा "आमच्या पोरांना कामावर कधी घेणार?" हे ऐकून घ्यावंच लागतं. वासाच्या तक्रारीची नोंद करा, शोध घ्या आणि काय सापडलं ते परत जाऊन सांगा. वासाबद्दल टोलवाटोलवी करणाऱ्या माणसाचा भोंगा गाव खरा मानणार नाही.

सांगायचं ते थोडं आणि नेमकं असावं. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड, तो खोलगट भागात साचतो, म्हणून तळघरात किंवा नाल्यात उतरायचं नाही. घर जवळ असेल तर आत जायचं, दारं-खिडक्या लावायच्या, फटींत ओली फडकी कोंबायची, पंखा-एसी बंद करायचा. अमोनिया तसा हवेपेक्षा हलका, पण गळती मोठी असली की थंड धुक्यासारखा जमिनीलगत सरकतो. जुलै 2010 मध्ये शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरांतून क्लोरीन गळला होता. साठा चालू कारखान्यातच असतो असं नाही, हे त्यातून ध्यानात ठेवा. पाणीपुरवठा केंद्रातले क्लोरीनचे टनर म्हणजे मोठे सिलिंडर, बर्फाच्या कारखान्यातला अमोनिया, हे सगळं तुमच्या नकाशावर हवं.

रस्त्यावरचा टँकर हा आणखी वेगळा विषय. टँकर उलटला की लोक कॅन-बादल्या घेऊन धावतात, हे महामार्गालगतच्या प्रत्येक गावाला माहीत आहे. तरुण मंडळांना टँकरवरची धोक्याची पाटी आणि तिच्यावरचा रसायनाचा आकडा वाचायला शिकवा: 1203 पेट्रोल, 1075 एलपीजी, 1005 अमोनिया, 1017 क्लोरीन. त्याच पाटीवर अपघातात काय करायचं ते सांगणारा हॅझकेम कोड असतो, त्याच्या शेवटी 'ई' असेल तर वस्ती हलवायचा विचार करायचा. जवळ न जाता लांबूनच तो आकडा वाचून 112 वर सांगणारा मुलगा फायर ब्रिगेडची बहुमोल मिनिटं वाचवतो. अशी मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

अभ्यासाचं थोडक्यात. आलोहा हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, त्यात वायूचा पसारा मांडायला शिका. मात्र डोंगर-दऱ्यांच्या भागात त्याच्या नकाशावर डोळे झाकून विसंबू नका. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे आणि सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेचे अभ्यासक्रम पाहून ठेवा. मराठी नीट बोलता-लिहिता आली पाहिजे. बहुसंख्य कामगारांची भाषा येणं ही सेफ्टी ऑफिसरच्या पात्रतेतली अट आहे, आणि सूचनापत्रकं तुम्हालाच लिहावी लागतील. एमएसडीएसचं, म्हणजे रसायनाच्या सविस्तर सुरक्षा-माहितीपत्रकाचं, भाषांतर छापून वाटू नका, त्यातून कुणाला काही कळत नाही. एका पानावर पाच-सहा ओळी, मोठ्या अक्षरात.

रुजू झाल्यावर एलसीजीच्या मागच्या बैठकांची इतिवृत्तं मागून घ्या. ठरलेल्यापैकी काय झालं नाही, त्यावर खूण करा. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन डॉक्टरांना तुमच्या कारखान्यातल्या रसायनांची आणि उपचारांची यादी द्या, ऑक्सिजनचे सिलिंडर किती आहेत ते विचारा, आणि पुढची ड्रिल रात्रपाळीत घ्यायची मागणी बैठकीत लेखी मांडा.