गुरुवारी फोन, शनिवारी मॅच : फिरत्या गोलकीपरची तयारी

स्ट्रायकर जखमी झाला तर विंगरला आत घेता येतं. बॅक नसेल तर हाफमधला एक जण मागे उतरतो. गोलकीपर पडला की मात्र गोलकीपरच लागतो, आणि तोही लगेच. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांत मिळून ७२ क्लब आहेत. तिथे खेळाडू बदलण्याची मुदत संपली तरी अडलेल्या क्लबाला गोलकीपर ७ दिवसांच्या तातडीच्या लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाकडून उसना आणता येतो, तो याच कारणाने.

१९९९ मध्ये मोसमाच्या शेवटी कार्लाइल युनायटेडकडे कीपरच उरला नाही, तेव्हा स्विंडनहून जिमी ग्लास लोनवर आला. तो तिथे तीनच मॅच खेळला. तिसरी ८ मे रोजी प्लिमथविरुद्ध होती. भरपाई वेळेत कॉर्नरला तो पुढे गेला, गोल मारला आणि क्लब लीगमध्ये टिकला. एरिक निक्सनने १९८६-८७ च्या एकाच मोसमात इंग्लंडच्या चारही विभागांत गोल सांभाळला. जॉन बरिज २९ क्लबांकडून खेळला आणि १९९५ मध्ये ४३ व्या वर्षी मँचेस्टर सिटीसाठी प्रीमियर लीगमध्ये उतरला. अनोळखी ड्रेसिंग रूममध्ये शिरून दोन दिवसांत उभं राहणं हा यांचा धंदाच होता. हे काम शिकता येतं.

सांगली-साताऱ्याच्या मुलाला इंग्लंडचं दार सरळ उघडत नाही. ब्रेक्झिटनंतर तिथे जाणाऱ्या परदेशी खेळाडूला तिथल्या असोसिएशनची मान्यता लागते, आणि ती राष्ट्रीय संघातले सामने, आधीच्या लीगचा दर्जा अशा गुणांवर मिळते. पण फिरत्या कीपरचं कसब इथेही तेवढंच लागतं. मिरजेहून कोल्हापूर ५० किलोमीटरच्या आत आहे, साताऱ्याहून पुणे ११० च्या आसपास. कोल्हापूरच्या तालीम मंडळांचा (तिथले फुटबॉल संघ) मोसम, पुणे आणि मुंबईची जिल्हा लीग, गावोगावच्या स्पर्धा, यांत कीपर वेळेवर न मिळण्याची अडचण नेहमीची.

आधी पडायला शिका

इंग्लंडचा कीपर ओल्या गवतावर वाढतो. आपल्याकडे कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, साताऱ्याकडे बऱ्याच मैदानांवर मुरूम. आपल्या मुलांचे कंबरेचे आणि कोपराचे हाल होतात ते डाईव्ह चुकल्याने कमी आणि कडक जमिनीवर चुकीच्या क्रमाने शिकल्याने जास्त.

पहिले तीन-चार आठवडे मऊ जागा शोधा. आपल्या भागात ती गावोगाव आहे: कुस्तीचा आखाडा. वस्तादांना विचारा, पहिलवानांची मेहनत संपल्यावरची वेळ मागून घ्या, अनवाणी उतरा आणि जाताना फावड्याने माती उकरून सारखी करून द्या. खणलेली लाल माती अंग झेलते, वर चटका देत नाही. आखाडा नसेल तर गाळपाच्या दिवसांत पाचट मिळतंच. ते खताच्या रिकाम्या पोत्यांत दाबून भरा, आठ-दहा पोती दोन ओळींत लावा, वर ताडपत्री ताणा. पाचट उघडं पसरू नका, पानांच्या कडा कापतात. रात्रभर बाहेर राहिलेली पोती आधी काठीने हलवून पाहा, खाली साप-विंचू असू शकतो. विडी-काडी लांब ठेवा.

क्रम असा. पाय पसरून बसा, समोरून साथीदाराने बॉल बाजूला हलकाच टाकायचा. मग गुडघ्यांवर, मग उकिडवं, मग उभं राहून. प्रत्येक पायरीला दोन्ही बाजूंना ८ ते १० वेळा, आठवड्यातून तीन दिवस. अंगावर नवा काळा-निळा डाग उठत असेल तर पुढची पायरी घेऊ नका.

उभ्याने पडताना बॉलच्या बाजूचा पाय आधी तिरका पुढे पडला पाहिजे, साधारण ४५ अंशांत. तो सरळ बाजूला पडला तर शरीर मागे झुकतं आणि हाताला लागलेला बॉलही गोलात जातो. जमिनीला आधी नडगीची बाहेरची बाजू, मग मांडी, कंबरेची बाजू, बरगड्यांची बाजू, शेवटी खांदा. खालचा हात बॉलच्या मागे, वरचा बॉलच्या वर, आणि जमीन हा तिसरा हात.

दोन चुका सर्रास दिसतात. एक, कोपर पोटाखाली जातं. मग बरगडीला मुका मार बसतो आणि आठवडाभर खोकताही येत नाही. यावर उपाय म्हणजे दोन्ही हात डोळ्यांसमोर ठेवूनच पडायचं, बॉल हाताच्या चौकटीतून दिसला पाहिजे. दुसरी, मुलं पोटावर पडतात. छाती मैदानाकडे उघडी राहायला हवी, म्हणजे समोरचा रिबाउंड दिसतो. उठताना तळहात टेकू नका, मूठ टेका. ग्लोव्हजचं लॅटेक्स, म्हणजे तळव्यावरचा रबरी थर, सगळ्यात जास्त तिथेच सोलतं.

कडक मैदानावर एका सरावात पूर्ण ताकदीच्या डाईव्ह ३० च्या आत ठेवा. बाकीचा वेळ पायांच्या कामाला आणि झेलाला द्या. पहिलवानांच्या बैठका इथे उपयोगी पडतात, कारण डाईव्हचा जोर मांडीतून येतो. पण बैठकीबरोबर एका पायावरची उडीही हवी, कारण झेप एका पायाने घेतली जाते.

ग्लोव्हज

अंगठा सोडून तळहाताचा घेर बोटांच्या मुळाशी टेपने इंचांत मोजा, वरच्या पूर्ण आकड्यात घ्या आणि एक मिळवा. घेर साडेसात इंच असेल तर ८ आणि १, म्हणजे ९ नंबर. घातल्यावर बोटांच्या टोकाला अर्धा ते एक सेंटिमीटर जागा उरावी. घट्ट घेतला तर शिवण बोटांच्या मध्ये फाटते.

मुरुमावर महागडं मऊ लॅटेक्स थोड्याच दिवसांत सोलतं, तेव्हा दोन जोड ठेवा: सरावाला जुना किंवा कडक लॅटेक्सचा, मॅचला चांगला. नवा जोड आधी कोमट पाण्यात हलका धुवा, कारखान्यातला थर निघतो आणि पकड येते. मॅचच्या आधी तळवा पाण्याने ओलसर करा. कोरडं लॅटेक्स घसरतं आणि लवकर झिजतं. वाळवायचं सावलीत. मे महिन्याच्या उन्हात पत्र्यावर टाकले तर लॅटेक्स कडक होऊन त्याचे तुकडे पडतात. ओले तळवे एकमेकांवर चिकटवून ठेवू नका, सुटताना वरची साल निघते.

दोरीने शिका कोन

उभं कुठे राहायचं हे सांगून कळत नाही, दोरीने कळतं. दोन्ही पोस्टच्या बुंध्याला एकेक दोरी बांधा आणि दुसरी टोकं बॉलजवळ एकत्र धरा. त्या त्रिकोणात कीपर. गोल ७.३२ मीटर रुंद असतो. बॉल बरोबर समोर १२ मीटरवर असेल आणि तुम्ही रेषेवर असाल, तर दोन्ही बाजूंना ३.६६ मीटर उघडे. तीन मीटर पुढे आलात की तिथे दोऱ्यांमधलं अंतर साडेपाच मीटरच्या आत येतं, म्हणजे एका बाजूला पावणेतीन. जवळजवळ एक मीटर डाईव्ह न मारताच वाचला. यापुढे किती यायचं ते मारणाऱ्याच्या डोक्याकडे पाहून ठरवा: त्याने खाली बॉलकडे पाहिलं की पुढे सरका, वर पाहिलं की थांबा, नाहीतर डोक्यावरून लॉब येतो. गोलची उंची २.४४ मीटर आहे हे मागे वळून न पाहता अंगाला माहीत हवं.

लाथ बसते त्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर आणि स्थिर हवेत. पुढे धावता धावता शॉट घेणारा कीपर उलट्या बाजूला वळू शकत नाही. अर्धा मीटर मागे राहिलात तरी चालेल, पण थांबलेले असा.

भेगाळलेल्या मैदानावर सरळ येणारा बॉलही शेवटच्या टप्प्याला उडतो. जमिनीवरच्या बॉलला फक्त हात नकोत, एक गुडघा तिरका आडवा घालून मागे भिंत करा. पावसात काळ्या मातीवर पाणी साचलं की बॉल मध्येच थांबतो, तेव्हा बॅकपासला (आपल्याच खेळाडूने मागे दिलेल्या बॉलला) आधीच दोन पावलं पुढे निघा. स्टडमध्ये चिखल बसतो, त्यासाठी पोस्टच्या मागे एक काडी ठेवा आणि खेळ थांबला की खरवडा.

पहिले दोन दिवस

फिरत्या कीपरची खरी परीक्षा इथे असते. संघ तुम्हाला ओळखत नाही, आणि डिफेन्सचा विश्वास मिळवायला एकच सराव हातात आहे.

गेल्या गेल्या दोन्ही स्टॉपर (मधले डिफेंडर) गाठा. विचारायचं ते एवढंच: कोणाचा पाय कुठला, बॅकपास कुठल्या बाजूला हवा, कॉर्नरला माणूस धरता की जागा, जवळच्या पोस्टला कोण. गोलकिक लांब हवी की आखूड, हे कोचकडून. सरावात कॉर्नर मागून घ्या, दोन्ही बाजूंनी निदान दहा-दहा. शॉट नंतर मिळतील. दोन दिवसांत कोणाचाही रिफ्लेक्स सुधारत नाही, पण क्रॉसला कोण येणार हे ठरलं की अर्धे गोल वाचतात.

हाका ठरवा. बॉल घेणार असाल तर "कीपर!", तोही लवकर आणि मोठ्याने. मराठी, कन्नड, कोकणी, सगळ्या ड्रेसिंग रूममध्ये तो कळतो. नुसतं "सोड!" ओरडू नका. समोरचा फसला असं रेफरीला वाटलं तर कार्ड मिळू शकतं. दुसरी हाक "अवे!", म्हणजे तुम्ही येत नाही, साफ करा. हाक दिली की गेलंच पाहिजे. अर्ध्यात थांबलेला कीपर डिफेन्सला आयुष्यभर लक्षात राहतो.

फ्रीकिकला वॉल, म्हणजे आपल्या खेळाडूंची भिंत, ९.१५ मीटरवर. पहिला माणूस बॉल आणि जवळचा पोस्ट यांच्या रेषेत लावा, एक जण त्याच्याही बाहेर. वॉलमध्ये तीन किंवा जास्त जण असतील तर हल्ल्याच्या बाजूचा खेळाडू एक मीटरच्या आत येऊ शकत नाही, रेफरीला आठवण करून द्या. पेनल्टीला लाथ बसेपर्यंत एका पायाचा थोडा तरी भाग रेषेवर किंवा रेषेच्या मागे हवा. २०२५-२६ पासूनच्या नियमात हातात बॉल ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो; शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून मोजतो. जुनी सवय असलेले कीपर यात सापडतात.

बेंचवर बसायची वेळ आली तरी काम असतं. वॉर्मअपमध्ये पहिल्या कीपरला बॉल तुम्हीच द्यायचे, २५ मिनिटं, त्याला हवे तसे. हाफटाइमला स्वतः दहा-पंधरा झेल घ्या. थंड अंगाने आत गेलेल्या कीपरचा पहिला झेलच सुटतो.

बोटं

बोट मुरगळलं तर कापडात बर्फ घेऊन १५-२० मिनिटं, आणि शेजारच्या बोटाला टेपने जोड. पण बोटाचं टोक खाली लोंबत असेल आणि स्वतःहून सरळ होत नसेल तर सांगलीची हळदसुद्धा त्याला कामाची नाही. तो स्नायूचा दोर तुटलेला असतो, टोक सहा ते आठ आठवडे सलग पट्टीत सरळ ठेवावं लागतं. मधेच एकदा वाकलं तरी मोजणी पुन्हा शून्यापासून. तेव्हा लगेच एक्स-रे काढा. डोक्याला मार लागून गरगरलं तर त्या दिवशी परत उतरायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

कागद, पैसे आणि बॅग

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या नोंदणी प्रणालीत तुमचा क्रमांक असतो. क्लब बदलताना जुन्या क्लबाकडून बदली तिथेच नोंदवावी लागते, तोंडी होकार पुरत नाही. हे मोसम संपताच करा. मॅच तोंडावर आल्यावर जुना पदाधिकारी फोन उचलत नाही, ही जुनी कथा आहे. पैसे, प्रवास, राहणं आणि जखम झाली तर खर्च कोणाचा, हे चार मुद्दे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, लिहून घ्या.

इंग्लंडमध्ये पाचव्या पातळीच्या खाली बरेच कीपर दिवसा नोकरी करतात, मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी सराव आणि शनिवारी मॅच. कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्या मुलालाही हेच गणित बसवता येतं, फक्त सुपरवायझरला शनिवारचं आधी सांगून ठेवायला हवं. क्लबला पाठवायचा व्हिडिओ पाच मिनिटांचा ठेवा, आणि सोबत एक न कापलेली पूर्ण मॅच द्या. जाणता कोच डाईव्ह पाहत नाही, बॉल लांब असताना तुम्ही कुठे उभे आहात ते पाहतो.

बॅग दाराशी भरलेली असू द्या: दोन जोड ग्लोव्हज, टेप, दोन रंगांच्या जर्सी (कीपरचा रंग दोन्ही संघांपेक्षा आणि रेफरीपेक्षा वेगळा लागतो), जास्तीच्या लेस, लांब आणि आखूड स्टडचे बूट, पाण्याची बाटली, टॉवेल, ओळखपत्राची प्रत. परत आल्यावर मात्र ग्लोव्हज त्या ओल्या बॅगेत राहू देऊ नका. मिरज स्टेशनला उतरून घरी पोचायला रात्रीचा एक वाजला तरी ते धुऊन, दोरीवर बोटं वर करून टांगूनच झोपा.