संस्थेचं सभासदत्व घ्यायचंय? आधी कामाची वही काढा

वकिलाला सनद लागते, डॉक्टरला परिषदेची नोंदणी लागते, आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरसाठी देशभर लागू असा नोंदणीचा कायदा नाही. त्यामुळे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स या इंजिनिअरांच्या देशपातळीवरच्या संस्थेचं सभासदत्व ऐच्छिक आहे, आणि नव्या मुलांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

ही संस्था १९२० साली मद्रासला नोंदली गेली आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली. 'चार्टर्ड इंजिनिअर' हे बिरुद त्या सनदेतूनच आलं. मुख्यालय कोलकात्यात असलं, तरी नागपूरकरांना तिकडे हेलपाटा नको, स्थानिक केंद्र उत्तर अंबाझरी रोडवर आहे. १५ सप्टेंबरला, विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, अभियंता दिन असतो. तेव्हा नक्की जा. कोराडीच्या वीज केंद्रात किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात उमर काढलेली माणसं तिथे सहज भेटतात.

'एएमआयई'चे (असोसिएट मेंबर, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स) अर्थ दोन आहेत. एक सभासदत्वाची श्रेणी, दुसरी संस्थेची सेक्शन ए आणि बी ही परीक्षा. नोकरी करत शिकणाऱ्या हजारो डिप्लोमाधारकांना या परीक्षेने वर आणलं, हे विसरता येत नाही. पण सरकारी नोकरीसाठी तिची पदवीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच आहे. आता परीक्षेला बसायचं असेल तर ज्या नोकरीसाठी बसताय तिची जाहिरात आधी वाचा.

चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र जुनी यंत्रं आयात करताना त्यांचं वय आणि किंमत ठरवायला लागतं. महापालिकेत नकाशावर सही करायची असेल तर मात्र वेगळा परवाना काढावा लागतो. ही दोन्ही कामं एकाच कागदावर होत नाहीत.

सभासदत्वाचा अर्ज अडतो तो बहुतेक वेळा अनुभवाच्या पत्रावर. 'दोन वर्षं साइट इंजिनिअर होते' एवढ्याने तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. तुमची स्वतःची जबाबदारी काय होती ते त्यात यायला हवं. म्हणून पहिल्या दिवसापासून वही ठेवा. समजा, स्लॅबला १२ घनमीटर काँक्रीट पडलं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे त्याचे २ नमुने, प्रत्येकी ३ असे २८ दिवसांच्या ताकदीच्या चाचणीचे ६ क्यूब (ठोकळे), १५० मिलिमीटरचे. ते कोणी भरले, कुठे ठेवले, कोणत्या तारखेला फोडले, हे लिहा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना स्लॅब टाकला असेल तर क्युरिंग, म्हणजे ओल्या पोत्यांनी स्लॅब ओला ठेवणं, १० दिवस केलं की ७ दिवसांतच पोती काढली, तेही लिहा. नागपुरी उन्हात पाणी इतक्या झपाट्याने उडतं की ओल्या स्लॅबवरच केसासारख्या भेगा पडतात, आणि त्या का पडल्या हे दोन ओळींत सांगता येणं हाच खरा अनुभव.

वहीच्या पानावर वरिष्ठांची सही त्याच आठवड्यात घ्या. साइट संपली, माणूस बदलून गेला की ती सही मिळत नाही.