आयरिश गावांच्या इंग्रजी नावांचे मूळ शोधताना या चुका टाळा

आयर्लंडच्या नकाशावर लाँगफर्ड, वॉटरफर्ड, स्विनफर्ड आणि फ्रेशफर्ड अशी चार गावे सापडतात. चारही नावांच्या शेवटी इंग्रजीतला ‘फर्ड’, म्हणजे नदीचा उतार (पायी ओलांडण्याजोगी उथळ जागा), दिसतो आणि नवखा अभ्यासक चारही ठिकाणी लोक नदी कोठे ओलांडत असतील याचा विचार करू लागतो. प्रत्यक्षात लाँगफर्ड हे ‘लाँगफोर्त’ या आयरिश शब्दाचे रूप असून त्याचा अर्थ तळ किंवा गढी असा होतो. वॉटरफर्डमधला शेवटचा भाग नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, लोकांच्या ‘फ्यॉर्ड’चा, म्हणजे खाडीचा आहे. उताराशी खरा संबंध स्विनफर्डचा आहे, कारण त्याचे आयरिश नाव ‘डुकराच्या उताराचे मुख’ असेच सांगते.

फ्रेशफर्डची गोष्ट मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. किल्केनी काउंटीतल्या या गावाचे मूळ नाव ‘आखा ऊर’, म्हणजे ताजे, हिरवेगार शेत. बोलण्यात ‘आखा’ झिजला आणि भाषांतर करणाऱ्याला तो ‘आह’, म्हणजे उतार, वाटला. त्यामुळे शेताचा उतार झाला. गंमत अशी की गावाजवळून नुएना नावाची छोटी नदी खरोखरच वाहते. तेव्हा जागेवर जाऊन खातरजमा करणाऱ्यालाही आपले चुकीचे उत्तर बरोबर ठरल्यासारखे वाटेल. म्हणूनच जुने लेखन आधी पाहावे आणि भूगोल नंतर पाहावा. हा क्रम उलटला की पुढचे सगळे बिघडते.

इंग्रजी स्पेलिंग फोडून शब्दकोश उघडणे

सर्वाधिक घोटाळे याच सवयीतून होतात. ‘बॅली’ दिसले की ‘बाल्ये’, म्हणजे वस्ती, असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. बॅलीमर्फीच्या बाबतीत ते खरे आहे, कारण तिथे मर्फी या आडनावाच्या कुळाची वस्ती अभिप्रेत आहे. मात्र मेयो काउंटीतले बॅलिना हे ‘बेल अन आहा’, म्हणजे उताराचे मुख, आहे आणि बॅलाहॅडरीनमध्ये ‘बेलाख’, म्हणजे वाट, दडलेली आहे. ‘किल’चेही तसेच आहे. किल्डेअर म्हणजे ओक वृक्षाचे चर्च, परंतु गॉलवेतल्या काइलमोरमध्ये चर्च नसून ‘मोठे रान’ आहे. चर्चसाठीचा आणि रानासाठीचा हे दोन्ही आयरिश शब्द इंग्रजी कारकुनाच्या कानाला जवळजवळ एकच वाटत असल्यामुळे अनेक ठिकाणी दोघांचेही ‘किल’ झाले. शुअर नदीकाठच्या कॅरिकमध्ये खडक आहे, तर शॅनन नदीकाठच्या कॅरिकमध्ये खडक नाही. तिथे ‘कोरा’, म्हणजे नदीत घातलेला बंधारा, आहे. नकाशावर मात्र दोघांचे स्पेलिंग अक्षरशः एकच आहे. शीवचे सायन झालेले पाहणाऱ्या मराठी वाचकाला या प्रकाराचे फार आश्चर्य वाटू नये.

डोळ्यांनी वाचणे, कानांनी न ऐकणे

कॉर्क काउंटीतल्या एका बंदराचे स्पेलिंग पाहून परका माणूस ‘यूघल’ म्हणतो, पण तिथले लोक त्याला ‘यॉल’ म्हणतात. मूळ शब्द ‘ओखिल’, म्हणजे यू वृक्षांचे रान. स्पेलिंगमध्ये हे रान दिसत नाही, उच्चारात मात्र त्याचा माग लागतो. आघात कोठे पडतो हेही ऐकावे. आयरिश नावांत सामान्य शब्द आधी येतो आणि विशेषण किंवा व्यक्तिनाम नंतर येते, आणि जोर बहुधा त्या नंतरच्या भागावर असतो. किल्डेअर म्हणताना ‘डेअर’वर भर येतो. नाव कोठे तोडायचे हे त्यावरून कळते.

व्याकरणामुळे चिकटलेले किंवा बदललेले ध्वनी हा आणखी एक सापळा आहे. नीना या टिपरेरीतल्या गावाच्या नावातला पहिला ‘न’ मूळ शब्दाचा नाही. शब्द ‘ईनख’, म्हणजे जत्रा, आणि त्याच्या आधीच्या ‘अन’ या उपपदाचा (इंग्रजीतल्या ‘द’सारख्या शब्दाचा) ‘न’ त्याला कायमचा जडला. फर्मॅनातल्या टेम्पो गावाचा ‘ट’ही असाच उपपदामागून आलेला आहे. कॉर्कजवळच्या कॅरिगनाव्हारमध्ये ‘व्हार’ नावाचे काहीही शोधू नये. ते ‘पुरुषांचा खडक’ आहे आणि पुरुषवाचक शब्दाच्या आरंभीचा ‘फ’ षष्ठीच्या अनेकवचनात ‘व’ असा उच्चारला गेला आहे. शब्दकोशात हे रूप जसेच्या तसे सापडत नाही, म्हणून अनेकजण इथेच हार मानतात. पहिले व्यंजन बदलून पुन्हा शोधले की बहुतेक वेळा काम होते.

रस्त्यावरच्या पाटीवरची दोन नावे एकमेकांची भाषांतरे समजणे

विक्लो हे नाव नॉर्स आहे, तर पाटीवरच्या आयरिश नावाचा अर्थ ‘मान्तानचे चर्च’ असा आहे. या दोघांचा काही संबंध नाही. लीक्स्लिपच्या बाबतीत उलट घडले. तिथले नॉर्स नाव ‘सॅमन माशाची उडी’ असे असून आयरिश नाव त्या अर्थाचे भाषांतर आहे. कोव्हची गंमत त्याहून न्यारी आहे. 1849 ते 1920 या काळात क्वीन्सटाउन म्हणवल्या गेलेल्या या बंदराचे आजचे आयरिश वाटणारे नाव म्हणजे ‘कोव्ह’ हा इंग्रजी शब्दच आहे, फक्त आयरिश लेखनपद्धतीत बसवलेला. तेव्हा आयरिश रूप दिसले म्हणजे ते जुनेच, असे मानू नये.

एकाच नोंदीवर विसंबणे

1824 मध्ये सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याने एका मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे 1846 पर्यंत पुरे केले आणि आज आपण वाचतो ती स्पेलिंगे बहुतांशी तिथे पक्की झाली. 1830 मध्ये त्या खात्यात आलेल्या जॉन ओडोनोव्हन यांनी गावोगाव हिंडून वृद्धांकडून उच्चार ऐकले आणि नावांच्या वह्यांमध्ये वेगवेगळी लेखने, आयरिश रूप व आपली शिफारस नोंदवली. या वह्या सोन्यासारख्या आहेत, पण त्यांतही अंदाज आहेत. म्हणून 1655-56 च्या डाउन सर्व्हे या जमीन मोजणीतली आणि त्याआधीच्या राजकीय व चर्चच्या कागदपत्रांतली लेखने वर्षानुक्रमे मांडावीत. तसे करताना गाव तेच आहे ना, हे बॅरनी (काउंटीचा जुना विभाग) आणि पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) जुळवून पाहावे, कारण आयर्लंडमध्ये टाउनलँडांची, म्हणजे आपल्याकडच्या शिवारासारख्या तुकड्यांची, संख्या 60,000 हून अधिक असून एकच नाव अनेक ठिकाणी आढळते. भलत्याच काउंटीतल्या नोंदीवर उभारलेली व्युत्पत्ती मी एकाहून अधिक वेळा वाचली आहे.

एवढे करूनही ‘किल’चे चर्च की रान हे ठरत नसेल, तर सहा इंची नकाशावर जुनी दफनभूमी किंवा चर्चचे अवशेष शेजारी आहेत का, ते पाहावे. तरीही निर्णय होत नसेल, तर दोन्ही अर्थ नोंदवून प्रत्येकासमोर त्याला आधार देणारे जुने लेखन आणि त्याचे वर्ष लिहावे. गावकऱ्यांची कथा ऐकावी, पण ती वेगळ्या रकान्यात लिहावी. डब्लिनच्या फिनिक्स पार्कचे नाव ‘फिन इश्का’, म्हणजे निर्मळ पाणी, यावरून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इंग्रजी कानांनी त्यात फिनिक्स पक्षी ऐकला आणि 1747 मध्ये त्या उद्यानात एक स्तंभ उभारून त्याच्या माथ्यावर तो पक्षी बसवलाही.