सुटीतला कीबोर्ड वर्ग: मध्यम स्तरावरील मुलांनी या चुका टाळाव्यात

प्राथमिक धडे संपवून सुटीतल्या वर्गाला येणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांनाही बहुधा भरपूर नवी गाणी हवी असतात. या टप्प्यावर खरे काम मात्र बोटांना जडलेल्या चुकीच्या सवयी सोडवण्याचे असते, आणि शाळेचा ताण नसलेले हे आठवडे त्यासाठी फार मोलाचे आहेत.

सी मेजरची बोटे प्रत्येक स्केलला (स्वरांच्या क्रमाला) लावणे ही चूक सर्रास आढळते. सी मेजरमध्ये उजवा हात १-२-३ (अंगठा १, करंगळी ५) वाजवून अंगठा खालून घेतो आणि पुढे १-२-३-४-५ असा जातो. हाच क्रम एफ मेजरमध्ये ठेवला की अंगठा नेमका बी फ्लॅटच्या काळ्या पट्टीवर येतो, मनगट वाकडे होते आणि लय अडखळते. तेथे १-२-३-४ नंतर अंगठा सीवर आणून पुन्हा १-२-३-४ असे वाजवावे. बोटे बदलायला सांगितली की मुले ट्रान्सपोझचे, म्हणजे सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारे, बटण दाबून मोकळी होतात. गायकासाठी ऐन वेळी गाण्याची पट्टी बदलावी लागते तेव्हा ती सोय उत्तम, पण सरावात ती वापरली तर काळ्या पट्ट्यांची भीती कधीच जात नाही. समूहात एकाचाच कीबोर्ड बेसूर वाटला, तर आधी ट्रान्सपोझ शून्यावर आहे का ते तपासावे.

डाव्या हाताने प्रत्येक कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) मूळ स्थितीत, म्हणजे कॉर्डच्या नावाचा स्वर सर्वांत खाली ठेवून, पकडण्यासाठी उड्या मारणे हीदेखील जुनी खोड आहे. सी-ई-जीवरून एफ कॉर्डकडे जाताना सी तसाच धरून ई आणि जीची बोटे एफ आणि एवर सरकवली, तर हात जवळपास जागेवरच राहतो. जी कॉर्डसाठी बी-डी-जी घ्यावे. ऑटो अकंपनिमेंट (कीबोर्डची आपोआप वाजणारी साथ) बंद ठेवून हे बदल वाजवावेत, कारण ऱ्हिदमच्या आवाजात उशिरा पडलेले बोट ऐकूच येत नाही.

चुकले की गाणे पहिल्यापासून सुरू करणे थांबवावे. त्याने सुरुवात पक्की होते आणि अडणारी जागा तशीच राहते. अडणाऱ्या दोनच मापांचा (तालाच्या समान खंडांचा) तुकडा मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून घ्यावा, सलग तीनदा स्वच्छ वाजल्यावरच वेग ४ ने वाढवावा.

सस्टेन पेडल (स्वर लांबवणारे पायाचे पेडल) नव्या कॉर्डसोबत दाबून धरल्यास आधीचे स्वर त्यात मिसळून गढूळ होतात; कॉर्ड वाजताच पाय उचलून लगेच पुन्हा दाबावा. पेडल उलटे चालत असेल, म्हणजे पाय काढल्यावर स्वर लांबत असतील, तर कीबोर्ड सुरू करताना पेडल दाबलेले राहिले असण्याची शक्यता असते. कीबोर्ड बंद करून, पाय बाजूला ठेवून पुन्हा सुरू करावा. तरीही फरक पडला नाही, तर काही पेडलांच्या तळाशी दिशा बदलण्याचा छोटा स्विच असतो, तो पाहावा.