लेकीकडे अमेरिकेला गेलात की बार्बेक्यू जेवायला असं जा

आमच्या दांडिया बाजारातली तीन घरं या उन्हाळ्यात अमेरिकेला चाललीयत, कुणी मुलाकडे कुणी लेकीकडे, आणि त्यातली दोन तर नॉर्थ कॅरोलायनातच जिथे माझी लेक राहते. सगळ्यांचा प्रश्न एकच, तिकडे बाहेर जेवायला जायचं तर कुठे. पिझ्झा बर्गर काय बडोद्यातही मिळतो, अलकापुरीत जा आणि हवा तेवढा खा. तिकडचं खास त्या मातीतलं जेवण म्हणजे बार्बेक्यू, ते एकदा तरी दुपारचं जाऊन जेवाच, फक्त काही गोष्टी आधी माहीत असू द्या नाहीतर आमच्यासारखं होईल.

सगळ्यात आधी तो शब्द समजून घ्या. आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की टेबलाच्या मधोमध शेगडी आणि सळईला लावलेलं पनीर. नॉर्थ कॅरोलायनात बार्बेक्यू म्हणजे पोर्क, सरळ पदार्थाचंच नाव आहे ते. काउंटरवर नुसतं "वन बार्बेक्यू प्लेट" म्हणालात की बारीक कापलेलं डुकराचं मटण समोर येणार, कुणी विचारणारही नाही कारण त्यांच्या मते त्यात विचारण्यासारखं काही नसतंच. टेक्सासकडे गेलात तर तिथलं मुख्य म्हणजे ब्रिस्केट, ते बीफ, छातीकडचा भाग. मग ज्यांना हे दोन्ही चालत नाही त्यांनी चिकन किंवा टर्की हा शब्द आधी तोंडातून काढायचा, बऱ्याच ठिकाणी ते मिळतं, तेही लाकडाच्या धुरावर केलेलं आणि चव छानच असते.

आता शाकाहारी मंडळींसाठी, आणि हे मी मनापासून सांगतेय कारण आमच्या ह्यांच्या बाबतीत झालंय. हे पक्के शाकाहारी. पहिल्या खेपेला आम्ही विचार केला की भाज्या तर भरपूर दिसतायत, ग्रीन बीन्स म्हणजे आपली फरसबी, ती घेऊ, त्यात काय असणार. ह्यांनी चार घास खाल्ले आणि पाचव्या घासाला दाताखाली बोटाच्या पेराएवढा गुलाबी तुकडा आला. तो पोर्कचाच होता. हे काही बोलले नाहीत, चमचा खाली ठेवला, पाणी प्यायले आणि संध्याकाळपर्यंत जेवले नाहीत. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं, एक प्रश्न विचारला असता तर टळलं असतं. तिकडे भाज्या शिजवतानाच त्यात बेकन नाहीतर स्मोक केलेल्या हॅमचा तुकडा टाकायची जुनी पद्धत आहे. फरसबी, कॉलर्ड ग्रीन्स नावाची पालेभाजी, बेक्ड बीन्स, तिन्हीत असू शकतो, कॉर्नब्रेडमध्येसुद्धा कधी कधी डुकराची चरबी वापरतात. म्हणून प्रत्येक भाजीचं नाव घेऊन विचारा, "इज देअर एनी मीट इन धिस, ऑर लार्ड?" ती माणसं अजिबात रागावत नाहीत, उलट आत जाऊन विचारून येतात. बहुतेक वेळा मॅक अँड चीज, कोबीचं स्लॉ आणि बटाट्याचं सॅलड यात मांस नसतं, पण बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडं असतं आणि तळणाचं तेल एकच असू शकतं. तुमच्यात कुणाचं एवढं कडक असेल तर घरून खाऊन निघा आणि तिथे फक्त सोबत बसा, त्यात कमीपणा काही नाही.

वेळ म्हणाल तर अकरा, फार तर साडेअकरा. आपल्याकडे सेव-उसळ खायला उशिरा गेलं की पातेलं खरवडलेलं दिसतं ना, तसंच. संपलं की संपलं, दुसरं लगेच करता येत नाही, कारण हे मटण आदल्या रात्री चढवलेलं असतं. बरीचशी जुनी ठिकाणं रविवारी बंद असतात, काही सोमवारीही, तेव्हा लेकीला आधी फोनवर बघून ठेवायला सांगा.

रात्रभर का, तर डुकराच्या खांद्याचा भाग मुळात चिवट असतो, मोठ्या आचेवर केला तर चामड्यासारखा होईल. म्हणून हिकरी नाहीतर ओकच्या लाकडाचे निखारे करून, साधारण १०७ ते १२० डिग्री सेल्सिअसच्या मंद आचेवर दहा-बारा तास ठेवतात, तेव्हा कुठे त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारे धागे, विरघळतं आणि मांस काट्याने ओढलं तरी सुटतं. चुलीच्या निखाऱ्यात वांगं पुरून भाजायची आपली जी सबुरी, ती इथे रात्रभराची. आणि हे कसब कुणी जपलं तेही लक्षात ठेवा, जमिनीत लांब खड्डे खणून रात्रभर निखारे सारत बसायचं काम अमेरिकेच्या दक्षिणेत बहुतेक करून गुलामीत राबणाऱ्या काळ्या लोकांनी केलं, आज जी चव सगळे वाखाणतात ती त्यांच्या हातची. आता काही ठिकाणी गॅसवर किंवा विजेवर करतात. मी सांगेन लाकडावरचंच शोधा. गाडी लावली की हॉटेलच्या मागे जाऊन बघा, लाकडांची रास रचलेली दिसली आणि कपड्यांना वास लागला की बरोबर ठिकाणी आलात.

ऑर्डर देताना प्लेट म्हटलं की मटण, दोन साइड आणि हशपपी, म्हणजे मक्याच्या पिठाची भजीच ती. नॉर्थ कॅरोलायनातल्याच लेक्सिंग्टन गावाकडे ट्रे म्हटलं की छोट्या कागदी ट्रेमध्ये मटण आणि स्लॉ एवढंच. सँडविचमध्ये स्लॉ आतच घालतात. दोघांत एक प्लेट आणि वर एक सँडविच पुरतं, जास्त मागवू नका, तिकडची वाढणी मोठी असते. चॉप्ड घ्यायचं की स्लाइस्ड ते विचारतात, पहिल्यांदा चॉप्ड घ्या. आणि लेक्सिंग्टनला असाल तर "आउटसाइड ब्राउन" मागून बघा, बाहेरचा करपट खमंग भाग असतो तो, मला तर खरवडीची आठवण झाली.

मटण किंवा चिकन वरच्या थराखाली कडेकडेने गुलाबी दिसलं तर लगेच कच्चं आहे म्हणून परत पाठवू नका. धुरातल्या वायूंमुळे मांसाचा तो रंग टिकतो, दहा तास शिजलं तरी.

सॉस मात्र लगेच ओतू नका. पहिला घास कोरा खा, नुसता, धूर आणि मीठ कळू दे. मग बाटलीतलं थोडं थोडं, आपण उसळीवर तरी घेतो तसं अंदाजाने. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडे अख्खं डुक्कर भाजतात आणि वर व्हिनेगर, मिरी, लाल मिरची, त्यात टोमॅटोचं नाव नाही. लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा, आणि व्हिनेगरमध्ये थोडं केचप, त्यांचं स्लॉसुद्धा त्याच लाल रसातलं. या दोघांत कोणतं खरं यावरून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे, त्यात पाहुण्यांनी पडू नये. साउथ कॅरोलायनात मोहरीचा पिवळा सॉस मिळतो, आपल्या जिभेला तो पटकन आवडेल, आणि अलाबामात मेयोनेजचा पांढरा, चिकनवर घालायचा. मला पूर्वेकडचाच आवडला, आंबट-तिखट, नुसत्या भातावर घ्यावासा वाटला.

पिण्याला स्वीट टी विचारतील. तो चहा बर्फाचा आणि इतका गोड की आमच्या ह्यांची शुगर तपासायला नको. ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी स्पष्ट "अनस्वीट" म्हणायचं, नाहीतर अर्धा-अर्धा, तोही करून देतात. आणि बरेच ठिकाणी ग्लास पुन्हा भरून देतात त्याचे पैसे नसतात. गोडात बनाना पुडिंग घ्या, केळं, कस्टर्ड आणि बिस्किटं, अंडं चालत असेल तरच.

मेन्यूवर लिहिलेल्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो, बिलात वेगळा येतो. टेबलावर येऊन वाढणारी मुलगी असेल तर १५ ते २० टक्के टीप ठेवायचीच, तिचा पगार बराचसा त्यावर असतो. काउंटरवर स्वतः घेतलं तर बरणीत एखादा डॉलर टाकला तरी चालतं, पण ट्रे आपला आपण उचला.

उरलं तर बॉक्स मागा, सगळेच मागतात. दुसऱ्या दिवशी लेकीच्या किचनमध्ये तव्यावर कांदा परतून त्यावर ते मटण टाका, थोडं पाणी शिंपडून झाकण ठेवा, आणि तिच्याकडे ज्वारीचं पीठ असलं तर दोन भाकऱ्या थापा.