घरच्या कॉफीसाठी हातचे साधन निवडताना

साधन विकत घेण्यापूर्वी घरात कॉफी दुधाची होते की बिनदुधाची, हे एकदा प्रामाणिकपणे ठरवावे. अमृततुल्य चहावर वाढलेल्या पुण्यात ती बहुधा दूधसाखरेचीच होते, आणि व्ही-साठ या शंकूच्या आकाराच्या गाळणीतल्या कागदी फिल्टरमधून उतरणारी नितळ, हलकी कॉफी त्या दुधात पार हरवून जाते, मग दाणे चिकमगळूरचे आणि कितीही महागाचे असोत.

दुधासाठी दाट अर्क हवा. त्याला स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर सर्वांत सोयीचा, कारण वरच्या भांड्यात पूड घालून चकतीने हलकेच दाबली आणि उकळते पाणी ओतले, की पंधरा-वीस मिनिटे त्याच्याकडे पाहावेही लागत नाही; चकती जोरात दाबली तर मात्र थेंब अडतो. घाई असेल तर मोका पॉट घ्यावा, ज्यात खालचे पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढते. १९३३ साली इटलीत आलेले हे भांडे मुळात अॅल्युमिनियमचे असून ते इंडक्शनवर चालत नाही, त्यामुळे तशी शेगडी असणाऱ्यांनी स्टीलचे, इंडक्शनला चालणारे पाहून घ्यावे. खालच्या भांड्यातले पाणी वाफ सोडणाऱ्या झडपेच्या खालीच राहू द्यावे आणि गुरगुर सुरू होताच गॅस बंद करावा, नाहीतर कॉफी करपट लागते. सहा कपांच्या पॉटमध्ये दोघांपुरती कॉफी नीट होत नाही, म्हणून माप माणसे मोजूनच घ्यावे. (हे ‘कप’ जेमतेम ५० मिलीचे असतात.)

बिनदुधाची पिणाऱ्यांनी फ्रेंच प्रेसपासून, म्हणजे दांड्याने जाळी खाली दाबून कॉफी गाळायच्या भांड्यापासून, सुरुवात करावी: ३०० मिली पाण्याला २० ग्रॅम जाडसर पूड आणि चार मिनिटे. तळाशी गाळ राहतो, तो ज्यांना खपत नाही आणि जे एकटेच पितात त्यांना एअरोप्रेस बरा, ज्यात हाताने दाबून कागदी फिल्टरमधून कपभर कॉफी काढतात. व्ही-साठला वजनकाटा, बारीक चोचीची किटली आणि सकाळचा निवांतपणा, तिन्ही लागतात.

दळण मात्र साधनाप्रमाणेच हवे. फिल्टरसाठी आणलेली चिकोरी मिसळलेली बारीक कॉफीची पूड मी एकदा फ्रेंच प्रेसमध्ये घातली. दांडा खाली जाईना, म्हणून जोर लावला, तर गरम कॉफी ओट्यावरून थेट चपलांपर्यंत पोहोचली. दुकानात दळून घेताना म्हणूनच साधनाचे नाव सांगावे, आणि बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल तर कॉफीला पिण्याचे गाळलेले पाणीच वापरावे.